छाट नसलेली भिंत

ठोकळा हातात आला की अक्का आधी त्याचा वास घ्यायच्या. मग चारी कडांवरून अंगठा फिरवायच्या, नखाने दोनदा टकटक वाजवायच्या आणि डोळे बारीक करून ठोकळा उजेडाकडे धरायच्या. तोवर समोरचा माणूस निकाल लागायचा असल्यासारखा ताटकळत उभा. एवढं सगळं झालं की अक्का दोनच शब्द बोलायच्या, "छाट न्हाय." आणि हातोडी मागायच्या.

सहा वर्षं मी हा निकाल ऐकला. तो कधी बदलला नाही. फक्त एकदा बदलला, आणि त्या एका वेळेसाठीच मी हे लिहायला बसलो आहे.

तुम्ही म्हणाल, निकाल ठरलेलाच होता तर एवढी तपासणी कशाला? मीही एकदा तेच विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, "न बघता घेतलं तर ती भीक झाली की दादा. बघून घ्यायचं असतंय."

चिंचोळी एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग आम्ही करतो, लाकडी खोक्यांत भरतो आणि गावोगाव पाठवतो. मी तिथला डिस्पॅच क्लार्क. म्हणजे माल वेळेवर गेला तर माझी कुणाला आठवण येत नाही, आणि नाही गेला तर सगळ्यांना एकदम येते. माझं टेबल पॅकिंग शेडच्या तोंडाशीच आहे, मध्ये भिंत नाही, दार नाही. त्यामुळे अक्का मला रोज आठ तास ऐकू यायच्या, मला हवं असो वा नसो. सुरुवातीला नको असायचं, हे कबूल करून टाकतो.

पॅकिंगच्या बायकांत त्या सगळ्यांत थोरल्या. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. वॉचमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावल्या की दोन्ही भाषा एकाच वाक्यात. वडील चादरीच्या मागावर, आई बिड्या वळणारी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत अक्काही शाळेच्या वयापासून बिड्या वळायला बसल्या, त्या केस पांढरे व्हायला लागेपर्यंत. मग कधीतरी मांडीवरचं बिड्या वळायचं सूप बाजूला ठेवून त्या आमच्या पॅकिंगला आल्या.

'छाट' हा शब्द त्या तिथूनच घेऊन आल्या होत्या. वळलेल्या बिड्या रोज कारखान्यात नेऊन द्याव्या लागत. तिथला तपासनीस पंचवीसची जुडी उलगडायचा आणि पसंत नसलेल्या बिड्या बाजूला फेकायचा. ही जाड, ती बारीक, हिचं पान फाटलं, तिचं तोंड नीट दुमडलं नाही. ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि बिडीही परत मिळत नाही. अक्कांना मजुरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग होता. "बघायचाच न्हाय ओ तो," त्या सांगायच्या. "दुसऱ्याशी बोलत बोलत फेकायचा. मी समोर हुबी. आता मी मन लावून वळलंय की न्हाय, ते बघ तरी की बाबा. बघून फेक." हे सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप बाजूला काहीतरी फेकल्यासारखा हलायचा.

आता ठोकळ्यांकडे येतो. खोक्यात पंपाचे भाग हलू नयेत म्हणून आम्ही मध्ये लाकडाचे लहान ठोकळे बसवतो, मुठीत मावतील एवढे. खोकी करताना असे पुष्कळ तुकडे उरतात आणि ते कँटीनच्या चुलीत जातात. एकदा अक्कांनी सुनेच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या बायका अशाच ठोकळ्यांवर कागद, दोरे, बटणं, पत्रे, रंग, हाताला लागेल ते चिकटवून ते सजवत होत्या आणि पोस्टाने एकमेकींना पाठवत होत्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. तू मला एक पाठव, मी तुला एक पाठवते, एवढाच व्यवहार.

दुसऱ्या दिवशी अक्का शेडमध्ये आल्या त्या हेच सांगत. "पैसे न्हाईत, काय न्हाय. नुसती बदली! आन् ते ठोकळे आपल्याकडं चुलीत जायलेत की ओ."

त्याच दुपारी कँटीनच्या ढिगातून त्यांनी ओंजळभर ठोकळे उचलले. महिन्याभरात त्यांचे नियमही ठरले. ठोकळा स्वतःच्या हाताने सजवायचा. विकायचा नाही, विकत घ्यायचा नाही, ठोकळ्याला ठोकळाच. आणि कसाही झाला तरी छाट नाही. तुम्ही दिलेला ठोकळा अक्का शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला लावणार. खोक्यांच्या जुन्या फळ्या ठोकून ती भिंत त्यांनीच करून घेतली होती. बदल्यात तुम्हाला अक्कांचा ठोकळा, तोही खास तुमच्यासाठी केलेला.

या 'खास'मध्येच सगळी गंमत होती. अक्का माणसाला आठवडाभर गुपचूप न्याहाळायच्या आणि मग त्याचा ठोकळा करायच्या. गेटवरच्या वॉचमनने आपली फुटकी शिटी चिकटवून ठोकळा आणला. अक्कांनी आधी ती वाजवून पाहिली. "वाजत न्हाय, पर छाट न्हाय," म्हणाल्या. बदल्यात त्याला मिळाला काड्यापेटीच्या काड्यांची इवलीशी खुर्ची लावलेला ठोकळा. खुर्ची रिकामी. सगळा कारखाना हसला, आणि वॉचमन त्यानंतर चार दिवस तरी खुर्चीवर सापडत होता.

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या चाचांनी बायकोच्या जुन्या ओढणीचे आरसे लावून आणले. "अक्का, देखो तो, चलता क्या ये?" अक्कांनी आरशात स्वतःलाच पाहिलं, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चलता चाचा. छाट नै." चाचांशी त्या दखनीत बोलायच्या, मोडकंतोडकं का होईना.

मी मात्र वर्षभर टाळत होतो. माझ्या हातात कला नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. "हात हाईत न्हवं?" हे अक्कांचं ठरलेलं उत्तर. शेवटी एका रविवारी बसलो. सुचेना काही. समोर ताटात कडक भाकरी होती. तिचा एक छान तिकोनी तुकडा डिंकाने ठोकळ्यावर बसवला, कडेने शेंगांची टरफलं लावली. मला तर तो फारच आवडला. सोलापूर एका ठोकळ्यात आणलं अशा थाटात मी तो अक्कांना दिला. तपासणी झाली, छाट न्हाय झालं, खिळ्यावर गेला.

तिसऱ्या दिवशी भाकरी गायब. उंदराने रात्रीत साफ केली होती, उरला तो डिंकाचा डाग आणि लाकडावर दातांच्या खुणा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी ओशाळून म्हणालो, "अक्का, काढून टाका तो. दुसरा देतो." अक्कांनी ठोकळा खाली घेतला, पुन्हा वास घेतला, अंगठा फिरवला, टकटक केली. "उंदरानं खाल्ली म्हंजे भाकरी चांगली हुती की. ऱ्हाऊ द्या. छाट न्हाय." आणि तो डाग पुन्हा खिळ्यावर गेला.

माझ्यासाठी त्यांनी केलेल्या ठोकळ्यावर पेनाचं एक टोपण होतं. चावून चावून चपटं झालेलं. माझंच, मी कधीतरी टाकून दिलेलं. त्याच्या भोवती लेथवरचा पितळेचा किस असा लावला होता की देवळातल्या प्रभावळीची आठवण यावी. पहिल्यांदा मला राग आला. चारचौघांत माझी सवय उघडी पाडली म्हणून. घरी नेला तर बायको पाहतच राहिली. म्हणाली, "तुम्हाला इतकं नीट कोणी बघितलंय?" तेव्हापासून तो आमच्या टीव्हीवर.

सहाव्या वर्षी कारखान्यात नवे साहेब आले. वयाने तरुण, कपडे कडक, बोलणं मोजकं आणि पुस्तकी. दर तासाला हाताला ते जंतुनाशक चोळणारे. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे पाहुणे सोमवारी तपासणीला येणार होते आणि साहेबांना कारखाना आरशासारखा हवा होता. त्यांनी सांगितलं, मी नोटीस टाइप केली, मीच शेडच्या दाराशी चिकटवली: शेडमधील सर्व अनावश्यक वस्तू शनिवारी संध्याकाळपर्यंत हटवाव्यात. त्यात ती भिंतही होती. साहेबांनी बोटाने दाखवून सांगितलं होतं.

अक्का नोटिशीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "चष्मा न्हाय आणला. तुमीच लिवलंय न्हवं, तुमीच वाचा."

मी वाचलं.

"अनावश्यक म्हंजे?"

"म्हणजे... नको असलेलं."

"म्हंजे छाट," अक्का म्हणाल्या. मी नुसता कागदाचा सुटलेला कोपरा दाबत राहिलो.

थोड्या वेळाने मी सुचवलं, "घरी घेऊन जा अक्का. पोत्यात भरून देतो, बसमध्येही चढवून देतो." त्यांनी मान हलवली. "घरी न्हेलं की ते माझं झालं. हितं हाय तवर सगळ्यांचं हाय. आन् नको म्हणून काढलेलं मी कशाला न्हेऊ? सगळ्यांनी मन लावून केलंय. मी एकेक बघून घेतलंय. त्येंनी एकदा तरी बघितलं का?" हात बाजूला काहीतरी फेकल्यासारखा हलला. तेव्हा मला कळलं की भिंत गेली तर अक्काही राहायच्या नाहीत. पुन्हा एकदा तेच बघायला त्या कामावर कशाला येतील?

मंगळवारी साहेब शेडमधून फेरी मारत होते. अक्कांच्या बाजूला त्यांचं जुनं बिडीचं सूप असायचं, त्यात अर्धवट झालेले ठोकळे. साहेबांची नजर एका ठोकळ्यावर अडकली. जुन्या काळ्या घोंगडीचा तुकडा आणि त्यावर पितळेच्या किसाचे बारीक ठिपके, काळ्या आभाळात चांदण्या असाव्यात तसे.

"घोंगडी आहे का ही?"

"व्हय सायब. बाजारात फाटकी मिळाली, त्येचा तुकडा हाय."

साहेबांनी एका बोटाने ती चाचपली. बोट लगेच उचललं नाही. "छान आहे. माझ्या टेबलावर ठेवीन. किती द्यायचे?"

"इकत न्हाय सायब. बदली द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम सांगितले. ते हसले, "ठीक आहे, देऊ एक ठोकळा," म्हणाले आणि गेले.

अक्का माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत चमक. "त्येंचा ठोकळा भिंतीवर लागला, की मग त्येंच्याच्यानं भिंत काढवंल व्हय?"

"अक्का, हे राजकारण झालं."

"न्हाय ओ. बदली हाय."

गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं आणि एक खोकं हातात दिलं. "हा त्यांना द्या आणि तो घोंगडीचा घेऊन या." मी शेडमध्ये येऊन उघडलं. आत ठोकळा होता खरा, पण भलताच. गुळगुळीत, चकचकीत पॉलिश, कडा सुरीसारख्या सरळ, मध्ये मशीनने कोरलेलं कंपनीचं चिन्ह, तेही सोनेरी. शहरातल्या कुठल्यातरी दुकानातून करून घेतलेला. भिंतीवरच्या कुठल्याही ठोकळ्यापेक्षा तो शंभरपट देखणा होता, माझ्या उंदीरखाऊपेक्षा तर फारच.

अक्कांनी तो हातात घेतला. वास घेतला. अंगठा चारी कडांवरून फिरवला. टकटक केली. उजेडाकडे धरला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. बायकांचे हात थांबले होते, चाचांनी फोर्कलिफ्ट बंद केली होती. मी हातोडी आधीच आणून ठेवली होती.

अक्कांनी ठोकळा परत खोक्यात ठेवला.

"छाट."

मी हळूच म्हणालो, "अक्का, साहेबांचा आहे तो."

"सायबांचा असता तर घेतला असता. ह्यात त्येंचा हात कुटं हाय? हा मशीनचा हाय. मशीनला मी काय बदली देऊ? चांगला हाय, लई चांगला हाय. मी नीट बघितला. पर छाट हाय."

आयुष्यभर छाट सोसलेल्या बाईने पहिल्यांदा स्वतः छाट काढली होती, आणि काढली ती नेमकी साहेबांची. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण ते खोकं परत घेऊन कोण जाणार? दुसरं कोण?

साहेबांच्या केबिनपर्यंत चालताना मी तीन-चार थापा तयार केल्या. अक्का आज आल्या नाहीत, अक्कांना बरं नाही, वगैरे. आत गेल्यावर एकही आठवली नाही.

"साहेब, त्यांनी परत केला."

"का? काय दोष आहे त्यात?"

"दोष काही नाही साहेब. तोच दोष."

"नक्की काय म्हणाल्या?"

"छाट, म्हणाल्या."

मग मला राहवलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बिड्या, जुडी, न बघता फेकणारा तपासनीस, वास, अंगठा, टकटक. माझी कडक भाकरीही सांगितली. साहेब ऐकत होते. मध्येच त्यांनी त्या चकचकीत ठोकळ्यावर अंगठा फिरवला. "ठीक आहे. जा तुम्ही," एवढंच म्हणाले. रागावले की काय, काही समजलं नाही. नोटीस होती तिथेच होती.

शनिवार उजाडला. साहेब शुक्रवारी सुट्टीवर होते, शनिवारीही दुपारपर्यंत पत्ता नव्हता. मी पोती आणून ठेवली, खिळे उपटायची पक्कड आणली आणि माझ्या टेबलावर झाकून ठेवली. अक्का भिंतीकडे पाठ करून खोकी भरत होत्या. "मी काढणार न्हाय," त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. "ज्याला नको हाय, त्येनं काढावं. मी बघायबी न्हाय." सबंध दिवसात त्यांनी एकदाही मान वळवली नाही. दर थोड्या वेळाने बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी घड्याळाकडे.

चारच्या सुमाराला साहेब आले. थेट शेडमध्ये. कपड्यांची इस्त्री मोडलेली, बुटांवर धूळ. ते अक्कांसमोर थांबले आणि खिशातून एक ठोकळा काढून पुढे केला. "बघा," म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

इतका कुरूप ठोकळा भिंतीवर दुसरा नव्हता. डिंक चारी बाजूंनी ओघळलेला, त्यात बोटांचे ठसे उमटलेले. मधोमध काळ्या लोकरीचा एक पुंजका, न विंचरलेला, वेडावाकडा बसवलेला, आणि वरून पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे. लोकरीत एक वाळकं, काटेरी गोखरू अडकलेलं होतं.

अक्कांनी वास घेतला. खूप वेळ घेतला. "ही दुकानातली न्हाय."

"नाही."

"अंगावरची हाय. मेंढराचा वास हाय अजून."

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले, "काल गावाकडं गेलतो. सांगोल्याच्या पुढं. आमचीच मेंढरं हायती. आबा राखत्यात अजून."

आम्ही सगळे ऐकत होतो. आमच्या साहेबांच्या तोंडून 'हायती' निघालेलं कारखान्याने पहिल्यांदाच ऐकलं. सहा महिने हा माणूस आमच्यात वावरत होता आणि मेंढरांमागे वाढला आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी माहीत होऊ दिलं नव्हतं.

"आन् हे गोखरू?" अक्कांनी विचारलं.

"ते लोकरीतच हुतं. काढलं न्हाय."

"बरं केलंसा."

मग अंगठा. मग टकटक, दोनदा. मग उजेड. अक्कांनी घाई केली नाही, एक पायरीही गाळली नाही. साहेब हात मागे बांधून उभे होते, माझ्या कडक भाकरीच्या वेळी मी उभा होतो तसे. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

"छाट न्हाय," अक्का म्हणाल्या.

चाचांनी फोर्कलिफ्टचा भोंगा असा दाबला की वॉचमन गेटवरून पळत आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिटी मारली. अक्कांनी भिंतीच्या अगदी मध्ये खिळा ठोकला, लोकर लावली, सुपातली घोंगडी उचलून साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. "ती नोटीस अनावश्यक आहे. काढा," म्हणाले. मी इतक्या आनंदाने कुठलाच सरकारी वा बिनसरकारी कागद फाडलेला नाही.

सोमवारी पाहुणे आले. त्यांनी यंत्रं पाहिली, कागद पाहिले, आणि सगळ्यांत जास्त वेळ भिंत पाहिली. त्यांच्यातल्या टायवाल्या थोरल्या गृहस्थांनी विचारलं, यातला एखादा विकत मिळेल का? आमचे साहेब म्हणाले, "विकत नाही सर. बदली द्यावी लागते." दुपारी तो टायवाला गृहस्थ बाह्या वर करून पॅकिंगच्या बायकांमध्ये बसून डिंकाशी झटापट करत होता. त्याचाही ठोकळा अक्कांनी नीट तपासून घेतला. ऑर्डर मिळाली, पण आम्हाला कौतुक होतं ते त्या टायवर पडलेल्या डागाचं.

गेल्या दिवाळीनंतर अक्कांच्या मुलाला भिवंडीला काम लागलं आणि सगळं घर तिकडे निघालं. शेवटच्या दिवशी अक्कांनी भिंत उतरवली. स्वतःच्या हातांनी, एकेक ठोकळा. "आता न्हेते," म्हणाल्या. "जाताना आपली बदली आपण न्ह्यायची असतीय." पंचवीस-पंचवीस ठोकळ्यांच्या जुड्या बांधल्या, बिडीच्या जुडीला मारतात तशीच गाठ मारून. लोकर, आरसे, शिटी, उंदराच्या दातांचा डाग, सगळं पोत्यांत गेलं. साहेबांनी कंपनीची गाडी दिली. गाडी निघताना अक्का खिडकीतून म्हणाल्या, "खिळे ठेवलेत." मी हात हलवला. मग शेडमध्ये येऊन बसलो तर समोर नुसते खिळेच खिळे. त्या दिवशी मी तीन पावत्यांवर चुकीचे पत्ते लिहिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पोहोचलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. भिंतीच्या मधल्या खिळ्यावर एक ठोकळा लागलेला होता. काळी घोंगडी आणि पितळेच्या चांदण्या. साहेबांची गाडी बाहेर उभी होती. मी काही पाहिलं नाही असं दाखवून टेबलाशी जाऊन बसलो.

दुपारपर्यंत वॉचमनची रिकामी खुर्ची आली. मग चाचांचा आला, मग कँटीनवाल्याचा, मग पॅकिंगच्या बायकांचे एकापाठोपाठ एक. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कांनी ज्याला त्याला दिलेले ठोकळे लोक घरून आणत होते आणि खिळ्यांना लावत होते. काम सोडून मोहोळला दुकान टाकलेला आमचा जुना इलेक्ट्रिशियन मोटारसायकलवर येऊन आपला देऊन गेला. निवृत्त झालेल्या एकाची मुलगी घेऊन आली, रुमालात गुंडाळून. टायवाल्या गृहस्थांचाही कुरियरने आला, त्यांना कुणी कळवलं कोण जाणे. आठवड्याच्या शेवटी एकच खिळा मोकळा राहिला, तो माझा. आमच्या घरी बायको ठोकळा सोडायला तयार नव्हती. शेवटी तिला सगळी गोष्ट सांगितली तेव्हा तिनेच तो पुसून डब्याच्या पिशवीत ठेवला.

चावलेलं टोपण खिळ्यावर लावलं आणि मी अक्कांना व्हिडिओ कॉल केला. सून फोन धरून होती, मागे कुठेतरी मागांची खडखड चालू होती. मी फोन भिंतीकडे वळवला आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर हळूहळू फिरवत गेलो.

अक्का एकेक ठोकळा निरखत होत्या. मग म्हणाल्या, "हे समदे माझेच?"

"तुमचेच, अक्का."

"कुणी फेकला न्हाय?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि फोनच्या अगदी जवळ आल्या.

"एकबी छाट न्हाय?"

उत्तर मला माहीत होतं. पण मी लगेच दिलं नाही. फोन शेजारच्या बाईच्या हातात दिला आणि अक्कांना दिसेल असा भिंतीपुढे उभा राहिलो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक ठोकळा नीट पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला, नखाने दोनदा टकटक केली. वेळ लागला. अक्का थांबून राहिल्या. मग मी वळून सांगितलं, "छाट न्हाय, अक्का."